वरचं दूध

आधीच सांगून ठेवते, मी अजून रागात आहे. राग गेला की लिहू, म्हणून वर्षभर थांबले. तो काही जायचं नाव घेईना, तेव्हा आता रागातच लिहायला बसले. आजारातून उठलेल्या माणसांनी लिहिलेलं मी हॉस्पिटलात बरंच वाचलं. शेवटी सगळ्यांनी सगळ्यांना माफ केलेलं असतं. ते वाचून मला लई एकटं वाटायचं. वाटायचं, आपलंच मन छोटं दिसतंय. तर जिचं मन माझ्यासारखंच छोटं आहे, छातीत गाठ आहे आणि मांडीवर तान्हं लेकरू आहे, तिच्यासाठी हे आहे.

माझं नाव महानंदा. देवणी तालुक्यातल्या एका गावात मी अंगणवाडी सेविका आहे. मालकांचं गावातच खताचं, फवारणीच्या औषधांचं दुकान आहे. माहेर देगलूर. आई माझ्या लग्नाआधीच गेली. सासूबाईही मी या घरात यायच्या आधीच गेलेल्या. मालकांना त्यांच्या थोरल्या बहिणीनं वाढवलं. तिला सगळं गाव अक्का म्हणतं, मीही अक्काच म्हणते. तिचं सासर गावातच, आमच्यापासून दोन गल्ल्यांवर. म्हणजे घरात सासू नव्हती, पण सासूची उणीव मला एक दिवस भासली नाही.

गाठ

सहावा महिना लागला होता. आंघोळ करताना डाव्या बाजूला हाताला काहीतरी लागलं. बोराएवढं. दुखत नव्हतं. मी अक्काला दाखवलं. तिनं दोन बोटांनी दाबून बघितलं आणि हसली.

"अगं, दुधाची गाठ हाय ही. पहिलटकरणीला येतीच. मला तिसऱ्या खेपंला लिंबाएवढी आलती. एरंडाचं पान गरम करून बांध, इरघळून जाती."

मी बांधलं. तीन महिने बांधलं. अक्का स्वतः पान आणून द्यायची, तेल लावून तव्यावर शेकून द्यायची. बोराची लिंबाएवढी झाली तेव्हा ती म्हणाली, "बघ, दूध भरून राहिलं. पोराला कमी पडायचं न्हाई."

दर महिन्याला तपासणीला जात होते. तिथं पोट बघत, रक्त बघत, वजन बघत. वरचं कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. डॉक्टर पुरुषमाणूस, त्याला काय दाखवायचं?

आता इथं अक्काला शिव्या द्यायच्या तर आधी स्वतःला दोन द्याव्या लागतील. मी अंगणवाडीत बायांना हेच सांगत आले होते. कुणी म्हणालं, मॅडम, इथं गाठ लागतीया, की मी म्हणायची, दुधाची असेल, शेक द्या. त्या शब्दात दूध आहे ना, मग भ्यायचं कशाला? माझ्या या शब्दावर किती जणींनी गाठी अंगावर काढल्या असतील ते मला माहीत नाही.

उदगीरला बाळंत झाले. मुलगी. पावणेतीन किलो. दवाखान्यात सगळे खूश. फक्त ती डाव्या बाजूला तोंड लावायची नाही. लावलं की मान फिरवायची आणि भोकाड पसरायची. अक्का म्हणाली, "आईलाच धरायला येत न्हाई. जगाला शिकवती, अन् सोताला जमना." सगळ्या खोलीसमोर म्हणाली. मीही हसले, काय करणार.

तिथल्या एका नर्सबाईंनी ती बाजू हातानं तपासली. त्यांची बोटं थांबली. मग परत एकदा तपासलं. म्हणाल्या, "ताई, लातूरला दाखवा. आठवडासुद्धा घालवू नका."

पाजून घ्या

लातूरला आधी गाठीचा तुकडा काढला. नऊ दिवसांनी रिपोर्टसाठी बोलावलं. मालक, अक्का, मी आणि कुशीत बाळी. नाव ठेवलं नव्हतं, म्हणून सगळे बाळीच म्हणायचे.

आत गेलो तेव्हा ती भुकेनं रडत होती. डॉक्टर माझ्यापेक्षा वयानं लहान, केस मागं घट्ट बांधलेले. त्यांनी कागद समोर ओढला, माझ्याकडं बघितलं, बाळीकडं बघितलं, कागद परत मिटून ठेवला. म्हणाल्या, "आधी पाजून घ्या. मग बोलू."

मला तेव्हाच कळलं. बाळीला पदराखाली घेतलं, पिऊन झोपेपर्यंत पाजलं. बाहेर चाळीस माणसं नंबर लावून बसलेली, तरी त्या बाई घड्याळाकडं न बघता बसून राहिल्या. त्या दिवसातलं एवढंच मला चांगलं आठवतं.

मग त्यांनी सांगितलं. कॅन्सर आहे. आधी किमो, मग ऑपरेशन. पुढच्या आठवड्यात सुरू करायचं. औषध दुधात उतरतं, म्हणून पाजता येणार नाही.

मी विचारलं, "म्हणजे आत्ता पाजलं ते शेवटचं?"

"आजचा दिवस पाजा," त्या म्हणाल्या. "दूध बंद व्हायची गोळी उद्या घ्या."

मरणाची भीती मला त्या दिवशी वाटली नाही, खोटं कशाला सांगू. ती नंतर आली, चांगली ठाण मांडून बसली. त्या दिवशी डोक्यात एकच हिशेब, संध्याकाळपर्यंत ही किती वेळा पिईल? हॉस्पिटलच्या मागं लिंबाखाली एक बाकडं होतं, तिथं बसून मी तिला उजवीकडं पाजत राहिले. तिला नको असलं तरी लावत राहिले. अक्का म्हणाली, "लेकराला ओकारी यील." मी तिच्याकडं पाठ फिरवून बसले.

दुसऱ्या दिवशी गोळी घेतली. तरी तीन दिवस पदर ओला व्हायचा. शेजारच्या कुणाचं लेकरू रडलं तरी व्हायचा. ते मी धुतलं, वाळवलं, परत नेसले. यावर कुणी काही लिहून ठेवलेलं मला सापडलं नाही म्हणून लिहितेय. होतं असं. थांबतं.

डॉक्टर काय म्हणाले

सगळा घोळ झाला तो एका शब्दानं. गोळी घेतली त्याच दिवशी मी आत तपासणीला रक्त द्यायला गेले होते. मालक आणि अक्का बाळीला घेऊन लहान मुलांच्या डॉक्टरांकडं. ते डॉक्टर घाईत होते. म्हणाले, "आईचं बंद. आता वरचं दूध चालू करा. लिहून दिलंय." चिठ्ठीवर पावडरच्या डब्याचं नाव होतं. मालकांनी खालच्या मेडिकलमधून डबा घेतला आणि अक्काच्या पिशवीत टाकला.

आमच्याकडं आईचं ते अंगावरचं दूध. बाकी सगळं वरचं. गाईचं असो, म्हशीचं असो, डब्याचं असो, वरचंच. डॉक्टरच्या मनात डबा होता. अक्काच्या मनात तिच्या गोठ्यातली देवणी गाय होती, नुकती व्यालेली. तिच्या गाईचं दूध घ्यायला उदगीरहून माणसं येतात, असं ती कुणालाही थांबवून सांगते.

इथपर्यंत मी तिला माफ करीन. शब्दच तसा आहे. पुढचं ऐका.

हाव, हाव

अक्का बाळीला घेऊन गावी गेली आणि आमच्याच घरात राहिली; आम्ही दोघं तपासण्यांसाठी लातूरलाच थांबलो. पहिली किमो झाली. सातव्या दिवशी ताप चढला, पांढऱ्या पेशी उतरल्या, मला परत भरती केलं. अकरा दिवस. बाळी गावात, अक्काजवळ. मालक लातूरला माझ्याजवळ.

वॉर्डातली सकाळ सहाला सुरू होते. आधी झाडू, मग थर्मामीटर, मग चहा, मग गोळ्या, मग डॉक्टरांचा राउंड. मग दिवसभर काहीच नाही. चौथ्या दिवशी उशीवर केस यायला लागले. शेजारच्या कॉटवर नांदेडच्या एक काकू होत्या, त्यांनी माझी वेणी कात्रीनं कापून कागदात बांधून दिली. म्हणाल्या, "एकदाच रड, मला बघू दे, अन् मंग बंद कर." मी रडले आणि बंद केलं.

पण माझं ध्यान फोनवर. रोज दोनदा अक्काला लावायची.

"बाळी पिली का?"

"पिली गं."

"किती चमचे टाकता पाण्यात?"

"तू आपली तुझी तब्येत बघ. चार लेकरं मी काही तुझ्या अंगणवाडीला इचारून वाढवली न्हाईत."

"अक्का, डबा उघडला ना?"

"हाव, हाव. देऊन राहिले ना बरोबर."

व्हिडिओवर दाखवायची तेव्हा बाळीला कुंची घालून, दुपट्यात गच्च गुंडाळून. नाक आणि डोळे एवढंच दिसायचं. मी म्हणायची, हात दाखवा. ती म्हणायची, वारं लागंल.

अकराव्या दिवशी घरी आले. डोक्याला रुमाल, तोंडाला मास्क. बाळीला अक्काच्या हातातून घेतलं आणि दुपटं सोडलं. मी चौदा वर्षं हेच काम करते हो. मांडीची कातडी चिमटीत धरली की मला कळतं. तिची कातडी चिमटीत आली आणि तशीच उभी राहिली. रडत होती, पण डोळ्यांत पाणी नाही.

मी मालकांना म्हणाले, "अंगणवाडीची किल्ली घ्या. झोळीचा काटा आणा."

"आता कशाला? आत्ताच तर आलीस, बस तरी."

"आणा म्हणते ना."

आढ्याच्या कडीला काटा टांगला. बाळीला झोळीत ठेवलं. पावणेतीन किलोचं लेकरू दोन किलो तीनशेवर आलं होतं. दीड महिन्याचं. काट्याकडं बघत मी उभी राहिले, मालक म्हणाले, काटा बिघडला असंल. काटा बिघडला नव्हता.

कपाटात डबा होता. झाकण काढलं. आतला चांदीचा कागद जसाच्या तसा, नखसुद्धा लागलेलं नाही.

चुलीपाशी पातेलं होतं. मी चमचाभर तोंडात घातलं. पाणी. गोडसर पाणी.

अक्का म्हणाली, "डॉक्टरच म्हणला, वरचं दूध चालू करा. मी दिलं. घरच्या गाईचं, शेलकं. लहान जीव, पचावं म्हणून एकाला तीन पाणी अन् जरासा गूळ. त्या पावडरीत काय आसतंय, पीठ."

"हगवण कधीपासून आहे?"

"होतंय लेकराला थोडंफार."

"फोनवर डबा उघडला म्हणून का सांगितलं?"

तिनं एकदाच मालकांकडं बघितलं. "खरं सांगितलं आसतं तर तिथं पडल्या पडल्या कटकट केली आसतीस. बीपी वाढलं आसतं तुझं."

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, गल्लीला आठवतं. त्यावर ती जे म्हणाली ते मात्र मला अक्षरन् अक्षर पाठ आहे. म्हणाली, "हिच्या सोताच्या दुधात ईख, अन् माझ्या गाईच्या दुधाला नावं ठेवती."

ईख म्हणजे विष. मालक तिथंच उभे होते. म्हणाले, "जाऊ दे ना, महानंदा. अक्काचा हेतू वाईट नव्हता."

मी त्यांना म्हणाले, "तुमच्या दुकानात गिऱ्हाईक आलं की काय सांगता? पंधरा लिटरच्या पंपाला तीस मिली. एकतीस न्हाई, एकोणतीस न्हाई. सोयाबीनला मापानं देता, अन् लेकराला अंदाजानं? हेतूनं?"

त्यांनी गाडी काढली.

पायरी

उदगीरला बाळीला सहा दिवस ठेवलं. माझ्या पेशी कमी, म्हणून मला लहान मुलांच्या वॉर्डात येऊ देईनात. माझंच लेकरू आत आणि मी बाहेर पायरीवर, मास्क लावून. येणारे-जाणारे माझ्या रुमालाकडं बघायचे आणि अंग चोरून जायचे.

आत मालक होते. सलाईनची सुई हाताला लागेना, पायाला लागेना, शेवटी डोक्याला लावली. ते बाहेर आले, पायात चपला नाहीत. पायरीवर माझ्यापासून हातभर अंतर ठेवून बसले. म्हणाले, "चार वेळा टोचलं. चौथ्यांदा ती रडलीच न्हाई."

मी म्हणाले, "आता सांगा, हेतू कसा होता."

दुष्टपणा होता तो. माणूस मोडून पडलेला आणि मी त्याला आणखी एक टोला दिला. पण मला तेव्हा कुणालातरी टोला द्यायचाच होता, अक्का समोर नव्हती.

जहराची बाटली

बाळी घरी आली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, डबा, मापानं, दर तीन तासांनी. दवाखान्यात नर्सनं कालवून दिलेलं मालकांनी वाटी-चमच्यानं पाजलं, पण निम्मं गालावरून ओघळायचं. डॉक्टरांना विचारूनच बाटली आणली. आणि मग मी त्या बाटलीकडं बघत बसले, कारण मला ती भरता येत नव्हती.

हसू नका. चौदा वर्षं मी बायांना सांगत आले, सहा महिने निव्वळ आईचं दूध. बाटली दिसली की हिसकावून घ्यायची. ती कशी भरायची हे मला कुणी शिकवलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं.

दुपारी दारात शबाना उभी. आमच्या गावातलीच, जुळ्यांची आई. दोन वर्षांपूर्वी तिला दूध पुरत नव्हतं म्हणून ती एका लेकराला बाटली द्यायची. मातांच्या मीटिंगमध्ये मी तिच्या पिशवीतून ती बाटली काढली, सगळ्यांसमोर वर धरली आणि म्हणाले होते, ही बाटली म्हणजे जहर आहे. तिनं मान खाली घातली होती. त्यानंतर ती मीटिंगला आली नाही.

ती आत आली. हात धुतले, कोपरापर्यंत. खाली बसली. माझ्या हातातली बाटली काढून घेतली आणि म्हणाली, "बैठो मॅडम. जहर की बाटली कैसा धोते सो बतातूं."

मला झोंबलं. झोंबायलाच पाहिजे होतं. तिनं दोन वर्षं जपून ठेवलेलं होतं ते, आणि बरोबर वेळेला दिलं. मी तिला म्हणाले, "शबाना, मी चुकले." ती म्हणाली, "हाव. चुकल्या. आता बघा नीट, मी दोन बार सांगणार न्हाई."

मग सांगितलं मात्र दहा वेळा. तिच्याकडून मी जे शिकले ते इथं लिहून ठेवते, कारण माझ्यासारख्या बाईला हे कुणी सांगत नाही, सगळे नुसते सल्ले देतात.

बाटली, बोंडी, झाकण सगळं सुटं करायचं. ब्रशनं घासायचं, बोंडीच्या आतून बोट फिरवायचं, तिथं साय धरते. मग मोठ्या पातेल्यात सगळं बुडेल एवढं पाणी घालून दहा मिनिटं खळखळून उकळायचं. त्याच पातेल्यात भाजी करायची नाही, ते पातेलं बाळाचं. काढायचं ते चिमट्यानं, पदरानं पुसायचं नाही. पदराला मी इतकी वर्षं स्वच्छ समजत होते.

पिण्याचं पाणी वेगळं उकळायचं. थोडं निवू द्यायचं, पण चांगलं गरम असतानाच पावडर घालायची. आधी पाणी बाटलीत, खुणेपर्यंत, बाटली डोळ्यासमोर धरून बघायचं. मग पावडर. डब्यात जो चमचा येतो तोच, पोह्याचा नाही, चहाचा नाही. चमचा भरला की सुरीच्या पाठीनं सपाट करायचा. माझ्या डब्यावर तीस मिलीला एक चमचा लिहिलं होतं. तुमच्यावर काय लिहिलंय ते वाचा. शीग भरून घालू नका, पोर धष्टपुष्ट होत नाही, पोट बांधून येतं. कमी घालून पुरवू नका. कमी घातलं की काय होतं ते मी काट्यावर बघितलंय.

नळाखाली बाटली धरून निववायची. मनगटावर थेंब टाकायचा. लेकराचं डोकं उचलून धरायचं, झोपवून बाटली टेकवून निघून जायचं नाही. तासाभरात उरलं तर ओतून द्यायचं. ओतताना जीव तुटतो. तरी ओतायचं.

शबानानं पहिली बाटली केली, दुसरी माझ्याकडून करवून घेतली. बाळी डोळे मिटून पिली, शेवटचा थेंब संपला तरी बोंडी सोडेना. शबाना म्हणाली, "देखो, कैसी पी रई." 

मिली

माझ्या पुढच्या पाच किमो मालकांनी बाटल्या भरल्या. शिकवलं मी, पण माणूस मापाचाच, त्याला वेळ लागला नाही. दुकानातली औषधं हाताळून आले की साबणानं तीनदा हात धुणार, मग पाणी मोजणार, मग चमचा सपाट करून उजेडाला धरून बघणार. दुकान उशिरा उघडायला लागले. गिऱ्हाईक ओट्यावर थांबलेलं असायचं आणि हे घरातून ओरडायचे, "थांबा, शंभर मिली बाकी हाय."

मी त्यांना अजून पूर्ण माफ केलेलं नाही, हेही लिहून ठेवते. पण किमोनंतर मी आडवी पडलेली असताना तो चमच्यावरून सुरी फिरल्याचा आवाज यायचा, आणि मला झोप लागायची.

अक्काला मी घरात येऊ दिलं नाही. ती गावभर सांगत फिरली, भावजयीचं डोकं फिरलंय, औषधानं होतं तसं. बायका मला समजवायला यायच्या. चहा देऊन परत पाठवायची.

आणि दर सोमवारी बाळीला काट्याला लावून मी त्या काट्याचा फोटो अक्काच्या फोनवर पाठवायची. खाली एक अक्षर नाही. नुसता काटा. दोन सातशे. तीन किलो. तीन चारशे. फोटोवर दोन निळ्या खुणा आल्या की मला पुढचा आठवडा काढायला बळ यायचं. डॉक्टर म्हणायच्या, तुमची उभारी चांगली आहे, कशानं राहते? काय सांगणार त्यांना.

अक्कानं एकदाही उत्तर दिलं नाही. माझा नंबर बंदही केला नाही. बघायची मात्र प्रत्येक वेळी.

बारसं

ऑपरेशन झालं. डावी बाजू गेली. टाके सुकले, डोक्यावर बोटभर केस आले. बाळी आठव्या महिन्यात पडली, सात किलो भरली, रांगून डबे पाडायला लागली. बारसं बाराव्या दिवशी व्हायचं, ते माझ्या दवाखान्याच्या धावपळीत राहूनच गेलेलं. सगळे म्हणाले, आता करून टाका.

बारसं म्हटलं की आत्या आली. बाळाच्या कानात नाव सांगायचं ते आत्यानं, बाकीच्यांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे, तिला लुगडं नेसवायचं. मालकांना एकच बहीण. अक्कानं निरोप पाठवला की नाव ठरलंय, शांता. त्यांच्या आईचं.

मालक म्हणाले, "एवढा एकच दिवस. तिचा मान हाय. मग तुला पाहिजे तसं वाग."

मी म्हणाले, "हाव. येऊ द्या."

आली. जरीचं नेसून, बाळीला चांदीचे वाळे घेऊन. माझ्याकडं न बघता पाळण्यापाशी जाऊन बसली. बाळीला बघून तिचे डोळे भरले, ते खोटं नव्हतं. तिला बाळी आवडते. मी एवढ्या दिवसांत एकदाही म्हटलं नाही की आवडत नाही.

बायकांनी पाळणा म्हटला. पाच जणींनी हात उचलले, अक्काच्या पाठीत घालायला. अक्का वाकली. तिचं तोंड बाळीच्या कानापाशी आलं आणि मी माझा तळवा बाळीच्या कानावर ठेवला.

अक्काचा श्वास माझ्या हाताच्या पाठीला लागला.

"हात काढ," ती हळूच म्हणाली.

"सरका, अक्का."

"लोकं बघून राहिलेत."

"बघू द्या. या कानात तुमचा शब्द जाणार न्हाई. तुमच्या शब्दानं तिचं काय झालं ते मी बघितलंय."

"माझं चुकलं आसं धर की मंग," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. "चुकलं. झालं? आता तरी हात काढ."

ते ऐकायला मी सहा महिने थांबले होते. मला वाटलं होतं, ऐकलं की आत काहीतरी सैल होईल. काहीच झालं नाही. मालकांनी "महानंदा" म्हणून हाक मारली. मी हात काढला नाही. दुसऱ्या बाजूनं वाकले, डावीकडं वाकताना अजून ओढ बसते, आणि बाळीच्या दुसऱ्या कानात मीच सांगितलं. गिरिजा. माझ्या आईचं नाव.

आईनं नाव ठेवलेलं आमच्या गावात कुणी बघितलं नव्हतं. उचललेले हात तसेच वर राहिले. मग शबाना मागून पुढं आली आणि माझ्या पाठीत एक धपाटा घातला, उजव्या बाजूला, बेतानं.

अक्का उठली. वाळे पाळण्यात ठेवले, लुगड्याला हात लावला नाही. मालक तिच्या मागं गेले, कोपऱ्यापर्यंत गेले. मी दाराकडं बघत राहिले, की ते तिच्याबरोबर पुढं जातात की परत येतात. परत आले. डोळे लाल.  गिरिजाची वेळ झाली होती, त्यांनी साबणानं हात धुतले आणि पाणी चढवलं.

लोक म्हणतात, माफ केलं की मन हलकं होतं. होत असेल. माझं न करता झालं. मी पंगतीत बसले. किमोपासून माझ्या तोंडाला सगळं पत्र्यासारखं लागायचं, डॉक्टर म्हणाल्या होत्या, चव येईल हळूहळू. त्या दिवशी गव्हाची हुग्गी होती, गुळातली खीर, वर तूप. पहिला घास घेतला आणि गोड लागलं. मी परत वाढून घेतली. अक्कासाठी वाढून ठेवलेल्या पानावरची वाटी तशीच भरलेली होती. ती ओढली आणि तीही खाल्ली.